गरिबीचा दंड आणि वस्तीचे केंद्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये एक वाद फार जुना आहे. एकाने म्हणावे, वस्तीत दवाखाना हवा, बालवाडी हवी, स्वस्त धान्याची सोय हवी आणि ती कार्यकर्त्यांनी उभी केली पाहिजे. दुसऱ्याने लगेच उत्तर द्यावे, ही धर्मादाय कामे आहेत. ती करावयाला शेठजींचे ट्रस्ट समर्थ आहेत. समाजवादी कार्यकर्त्याचे काम लोकांना हक्कासाठी उभे करणे हे होय. पहिला दुसऱ्याला पुस्तकी म्हणतो, दुसरा पहिल्याला सुधारणावादी ठरवतो. डॉ. राममनोहर लोहियांनी फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही तिन्ही साधने एका दमात सांगितली, त्यालाही कित्येक दशके लोटली. तरी फावडे हाती घेणारा आणि तुरुंगात जाऊन आलेला हे दोघे एकमेकांकडे अद्याप संशयानेच पाहतात.

हा वाद भावनेच्या भरात सुटणारा नाही. त्यासाठी दोन साध्या प्रश्नांची उत्तरे शोधली पाहिजेत. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाच्या मूलभूत गरजा भागत नाहीत, त्या नेमक्या कशामुळे? आणि वस्तीच्या मध्यभागी चालणारे एखादे केंद्र त्यात कोणता फरक पाडू शकते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता उघड आहे. उत्पन्न कमी म्हणून गरजा भागत नाहीत. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने, मार्क्सचा सहकारी एंगल्स तो हा नव्हे, १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून असे दाखविले की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. हा नियम आजही अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविला जातो. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. गरिबाचा रुपया आणि श्रीमंताचा रुपया बाजारात सारखाच माल आणतो, ही ती गोष्ट. वस्तीत राहणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारावे. ती हे गृहीत हसून उडवून लावील.

ज्याच्या हाती महिन्याचा पगार एकरकमी पडतो तो पाच किलो तेलाचा डबा घेतो. ज्याच्या हाती संध्याकाळी रोजंदारी पडते तो त्या रात्रीपुरते तेल पुडीत बांधून आणतो आणि किलोमागे जास्त दाम मोजतो. ज्याच्या घरात नळ आहे त्याला पाणी महापालिकेच्या दराने मिळते. ज्याच्या वस्तीला नळजोडणी नाही त्याला तेच पाणी हंड्याच्या हिशेबाने विकत घ्यावे लागते आणि तो त्या दराच्या कित्येक पट किंमत देतो. गॅसची जोडणी नसलेला छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून घेतो, तोही चढ्या भावाने. वाण्याकडे उधारीची वही असली की दुकान बदलण्याची सोय उरत नाही; भाव वाण्याने सांगावा आणि मालही त्यानेच निवडावा. अडीनडीला शेकडा दहा रुपये महिना व्याजाने पैसे उचलले तर वर्षाचा दर शेकडा एकशेवीस होतो. या दराने भांडवल घेऊन कोणता कारखानदार धंदा करू धजेल? डेव्हिड कॅप्लोविट्झ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली न्यूयॉर्कच्या गरीब ग्राहकांची पाहणी प्रसिद्ध करून हेच सिद्ध केले होते की वस्तू तीच, पण गरिबाला ती महाग पडते.

याला गरिबीचा दंड म्हणावयास हरकत नाही. उत्पन्न कमी हा एक अन्याय झाला. त्या कमी उत्पन्नातून हा दंड वसूल होतो, हा त्यावरचा दुसरा.

या दंडात सर्वांत दुर्लक्षित राहिलेला भाग वेळेचा आहे. उदाहरणासाठी असे समजा की नाक्यावर काम मिळविणाऱ्या एका मजुराची दिवसाची मजुरी सहाशे रुपये आहे. शिधापत्रिकेत मुलाचे नाव चढवावयाचे आहे. शिधावाटप कार्यालय उघडते तेव्हाच नाकाही भरतो. पहिल्या दिवशी दाखला अपुरा निघतो, दुसऱ्या दिवशी साहेब जागेवर नसतात, तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला जातो. तीन खाडे झाले, अठराशे रुपये बुडाले. नाव चढल्यावर मुलाला महिन्याला पाच किलो धान्य मिळेल. बाजारात किलोला तीस रुपये धरले तर त्याची किंमत महिन्याला दीडशे, वर्षाला अठराशे. म्हणजे फुकट मिळणाऱ्या धान्यासाठी त्या कुटुंबाने पहिल्या वर्षाची पूर्ण किंमत आगाऊ भरली. यात लाच धरलेली नाही, दलालाची दलाली धरलेली नाही, रिक्षाचे भाडेही धरलेले नाही. पुष्कळ कुटुंबे हक्काचे धान्य सोडून देतात, त्याला अडाणीपणा म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः तो चोख हिशेब असतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल. वस्तीतील केंद्र मजुरी वाढवू शकत नाही. ते काम संघटनेचे आणि कायद्याचे आहे. पण दंड कमी करणे त्याच्या आवाक्यात असते. वीस कुटुंबांचे कागद रात्री आठ वाजता केंद्रात बसून तपासले गेले, अपुरे दाखले तेथेच लक्षात आले आणि एकच कार्यकर्ता सगळे अर्ज घेऊन कार्यालयात गेला, तर कित्येक खाडे वाचतात. वीस कुटुंबांनी मिळून घाऊक बाजारातून धान्य आणले तर वाण्याचा जादा भाव वाचतो. वीस स्त्रिया एकमेकींना जामीन राहिल्या तर बँकेचे दार उघडू शकते. एकेकट्याने केले की महाग पडते, तेच एकत्र केले की स्वस्त होते. सहकाराचे जे मूळ तत्त्व, तेच येथे गल्लीच्या पातळीवर लागू होते.

अशा केंद्राचा सर्वांत गाजलेला प्रयोग शिकागोत झाला. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन मैत्रिणींनी १८८९ साली हॉलस्टेड रस्त्यावरील एका जुन्या घरात मुक्काम ठोकला. तेच ‘हल हाऊस’. भोवती इटालियन, जर्मन, बोहेमियन, ग्रीक, रशियन ज्यू अशा स्थलांतरित कामगारांची दाट वस्ती होती. आया शिवणकामाच्या कारखान्यांत जात आणि लहान मुले घरात कोंडलेली राहत. म्हणून बालवाडी आणि पाळणाघर सुरू झाले. न्हाणीघरे, वाचनालय, संध्याकाळचे वर्ग अशी एकेक सोय शेजाऱ्यांच्या अडचणींतून वाढत गेली.

या प्रयोगातील तीन प्रसंग कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग फसलेल्या प्रयोगाचा आहे. १८९३ साली हल हाऊसने सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. आहारशास्त्राच्या नियमांप्रमाणे पौष्टिक आणि स्वस्त अन्न शिजवावयाचे व कामावरून परतणाऱ्या स्त्रियांनी ते घरी न्यावयाचे, अशी योजना होती. अन्न चांगले होते, किंमत बेताची होती, हेतूबद्दल तर शंकाच नव्हती. पण शेजाऱ्यांनी ते फारसे उचलले नाही. निरनिराळ्या देशांतून आलेल्या माणसांची जीभ निराळी होती आणि त्यांना काय आवडते हे कोणी आधी विचारलेच नव्हते. गरिबाला भूक असते तशी आवडही असते, हा धडा त्या सुशिक्षित स्त्रियांनी तेथे घेतला.

दुसरा प्रसंग कारखान्यात काम करणाऱ्या तरुण मुलींचा. संपाच्या चर्चेत असे दिसून आले की खाणावळीचे आणि खोलीचे पैसे ज्यांना दर आठवड्याला भरावे लागतात त्या मुली संपात प्रथम मोडतात. मालकापुढे मान तुकवावी अशी त्यांची इच्छा नसे. डोक्यावरचे छप्पर जाईल ही भीती असे. यावर तोडगा म्हणून १८९० च्या दशकाच्या आरंभी ‘जेन क्लब’ हे मुलींचे सहकारी वसतिगृह निघाले. खर्च मुलींनी वाटून घ्यावयाचा आणि कारभारही त्यांनीच पाहावयाचा. येथे जेवण आणि निवारा यांची सोय हीच संप टिकविण्याची शक्ती ठरत होती. सेवाकार्याला लढ्याचा अडथळा मानणाऱ्यांनी या वसतिगृहाचा जरूर विचार करावा.

तिसरा प्रसंग कचऱ्याचा आहे. त्या वॉर्डात कचरा वेळेवर उचलला जात नसे आणि बालमृत्यू फार होत. हल हाऊसमधील स्त्रियांनी प्रत्येकीच्या हाती झाडू देऊन गल्ली साफ केली असती तर वर्तमानपत्रात छायाचित्र आले असते, पण कचरा पुन्हा साचला असता. त्यांनी १८९४ च्या उन्हाळ्यात घरोघर फिरून नोंदी केल्या आणि दोन महिन्यांत हजाराहून अधिक तक्रारी आरोग्य खात्याकडे लेखी पाठविल्या. पुढच्या वर्षी महापौरांनी स्वतः ॲडम्सबाईंना वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमले आणि त्या पहाटे कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरू लागल्या. याच काळात त्यांच्या सहकारी फ्लॉरेन्स केली यांनी घरगुती कारखान्यांची पाहणी केली. त्या पाहणीच्या बळावर इलिनॉय राज्याने १८९३ साली कारखाना कायदा केला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास मनाई आणि स्त्रियांना आठ तासांचा दिवस या त्यातील तरतुदी होत्या. आठ तासांचे कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द केले. तथापि त्याच साली हल हाऊसने आपल्या वस्तीचे नकाशे आणि निबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कोणत्या घरात कोणत्या देशाचे लोक राहतात आणि आठवड्याला किती कमावतात, हे रंगांनी दाखविणारे ते नकाशे होते.

यातून वस्तीकेंद्राचे खरे शस्त्र कोणते ते कळते. ते शस्त्र म्हणजे नोंदवही. दाराशी आलेल्या माणसाची गरज भागविली आणि तो निघून गेला, तर ते दान झाले. त्याची गरज भागविली आणि ती का निर्माण झाली, कोणत्या कचेरीने काय नाकारले, हे तारखेनिशी लिहून ठेवले, तर शंभर नोंदी झाल्यावर तिची मागणी होते. हजार नोंदी झाल्यावर ती नाकारणे सरकारला अवघड जाते.

हा विचार मुंबईलाही परका नव्हता. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावातील कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या असे तिचे काम होते. भारत सेवक समाजाचा हा शांत, नेमस्त सदस्य १९२० साली आयटकच्या स्थापनेत अग्रभागी दिसतो. चाळीतल्या कामगाराचे अर्ज लिहिणे आणि त्याची संघटना बांधणे या दोहोंत त्यांना विरोध वाटला नाही. कामगाराचे जगणे ज्याने खोलीत बसून पाहिले, त्याला दारावरच्या सभेत काय बोलावे हे शिकवावे लागत नाही.

शिकागोशी तर मुंबईचा थेट धागा आहे. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे काम करण्यासाठी १९२५ साली मुंबईस आले आणि दोन वर्षांनी भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू झाले. मुसलमान, हिंदू, ज्यू, ख्रिस्ती अशा मिश्र, गरीब वस्तीत हे केंद्र होते. वस्तीत काम करावयाचे तर शिकलेले कार्यकर्ते हवेत, ही निकड तेथेच जाणवली. त्यातूनच १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा उभी राहिली. तिचे पहिले संचालक मॅनशार्टच होते आणि ती प्रथम नागपाड्यातच भरत असे. पुढे १९४४ पासून ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. देशातील समाजकार्याच्या शिक्षणाचा उगम असा एका गल्लीतल्या केंद्रात आहे. पुढे पदवी मोठी झाली आणि गल्ली दूर राहिली, ही खंत मात्र अनेकांनी बोलून दाखविली आहे.

परंतु बाहेरून आलेल्या सुशिक्षितांनी वस्तीसाठी काढलेले केंद्र आणि वस्तीने आपल्यासाठी उभे केलेले केंद्र यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण गिरणगावातील खानावळवाल्या बायकांचे आहे. कोकणातून व घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपत आणि शेजारच्या एखाद्या बाईकडे जेवत. पैसे पगाराच्या दिवशी. तोवरचे धान्य त्या बाईने वाण्याकडून उधार आणावयाचे, वेळेला गळ्यातले गहाण टाकावयाचे, सावकाराचे व्याज भरावयाचे. संप झाला की कामगाराकडून पैसे येणे थांबे, पण ताट वाढणे थांबत नसे. संपाचा इतिहास लिहिताना सभा आणि मोर्चे यांची नोंद होते. संपकऱ्याला जेवू घालून कर्जात बुडालेल्या बाईची नोंद क्वचितच होते.

गोवा मुक्तिलढ्यात आणि कामगार चळवळीत तावून निघालेल्या प्रेमाताई पुरव यांनी ती नोंद घेतली. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. या बायकांना दया नको होती, त्यांना स्वस्त भांडवल हवे होते. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाले होते आणि अतिगरिबांना शेकडा चार दराने कर्ज देण्याची योजना १९७२ पासून अमलात होती. पण सरकारी योजना आणि खानावळवाली बाई यांच्यामध्ये बँकेचा पिंजरा, इंग्रजी फॉर्म आणि जामीनदार उभे होते. मंडळाने गट बांधले, बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. दीड हजार रुपयांचे कर्ज धरून हिशेब करावा. शेकडा दहा रुपये महिन्याच्या सावकारी दराने त्याचे वर्षाचे व्याज अठराशे रुपये, म्हणजे मुद्दलाहून जास्त. शेकडा चार दराने ते साठ रुपये. बाई तीच, चूल तीच, कष्ट तेच. गरिबीचा दंड काय असतो आणि तो उतरला म्हणजे काय घडते, हे या दोन आकड्यांइतके स्पष्ट क्वचितच दिसते. १९८२ च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरणगावच उजाड होत गेले. त्या पडझडीत अनेक घरांची चूल पेटती राहिली ती बायकांच्या कमाईवर, हे विसरता येणार नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत उभी राहिली ती मुळात पाठीवर पोती वाहणाऱ्यांची संघटना म्हणून. हमालीचे दर, तोलाई, ओझ्याचे वजन हे तिचे प्रश्न. राज्यात १९६९ साली माथाडी कायदा आला आणि असंघटित समजल्या गेलेल्या कष्टकऱ्याला भविष्यनिर्वाह निधी आणि इतर संरक्षण मिळण्याची वाट मोकळी झाली. याच हमाल पंचायतीने सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम काढला. ना नफा ना तोटा या तत्त्वावर हमालाला, रिक्षावाल्याला, बाहेरगावच्या गरीब माणसाला पोटभर जेवण मिळावे, हा त्याचा हेतू. भाकर फुकट नव्हती, हा यातील महत्त्वाचा भाग. जेवणारा पैसे देत होता, म्हणून त्याला आमटी पातळ झाली असे बोलण्याचा अधिकारही होता.

याच्याशेजारी एक सरकारी प्रयोग ठेवून पाहावा. १९९५ साली राज्यात सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे जागोजागी उघडली. गरिबाला स्वस्तात जेवण मिळावे यात गैर काहीच नव्हते. पण एक रुपयात भाकर परवडत नव्हती. ती केवळ अनुदानावर उभी होती आणि मोक्याच्या जागा मात्र केंद्र चालविणाऱ्यांना मिळाल्या होत्या. अनुदान थांबले, योजना गुंडाळली गेली आणि कित्येक केंद्रांच्या जागी वडे व चायनीज पदार्थ विकले जाऊ लागले. जेवणाऱ्या माणसाचा त्या केंद्रांच्या कारभारात हात नव्हता, म्हणून ती बंद होताना त्याला कोणी विचारले नाही. कष्टाची भाकर संघटनेची होती. झुणका-भाकर घोषणेची होती.

आता वादातील दुसऱ्या पक्षाच्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो आक्षेप हलका नाही. तो असा की, केंद्रे गरिबी सुसह्य करतात आणि सरकारची जबाबदारी आपल्या खांद्यावर घेतात. महापालिकेने दवाखाना बंद केला तरी चालते, कारण संस्थेचा आहे. शासनाने बालवाडीकडे दुर्लक्ष केले तरी ओरड होत नाही, कारण संस्था ती चालविते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सरकारी खर्चाला कात्री लावताना ‘लोकसहभाग’ हा शब्द ज्या सफाईने वापरला गेला, तो पाहता हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही.

हल हाऊसचा शेवट याच दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. मूळ इमारतींपैकी बहुतेक १९६० च्या दशकात विद्यापीठाच्या आवारासाठी पाडल्या गेल्या आणि संस्था शहरभर विखुरली. पाळणाघरे, निराधार मुलांचा सांभाळ अशी कामे ती मुख्यतः सरकारी कंत्राटांवर करू लागली. जे केंद्र एके काळी हजार तक्रारी लिहून महापालिकेला जाब विचारीत होते, त्याचे पगार सरकारी धनादेशावर होऊ लागले. मंदीनंतर ते पैसे आटले, देणग्या पुरल्या नाहीत आणि २०१२ च्या जानेवारीत एकशेबावीस वर्षे चाललेली ही संस्था दिवाळे काढून बंद झाली. मूळ घरात आता संग्रहालय आहे.

तेव्हा आक्षेप खरा आहे; पण त्यावरून केंद्रच नको असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. भुकेलेल्या मुलाला मागणी मान्य होईपर्यंत थांब असे सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्याच्या मागे त्या मुलाची आई मोर्चात येत नाही. महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा तहानलेल्यांना पाणी मिळाले आणि त्याच क्षणी सार्वजनिक पाणवठ्यांवरील मक्तेदारीला आव्हानही मिळाले. ते सेवाकार्य होते की संघर्ष, असा प्रश्न त्या हौदावर घागर भरणाऱ्या कोणालाही पडला नसेल.

म्हणून कोणत्याही वस्तीकेंद्राला तीन कसोट्या लावाव्यात. त्याचा कारभार कोणाच्या हाती आहे. वस्तीतील बायका समितीत केवळ नावाला आहेत की हिशेबाची वही त्यांच्या हाती असते? त्याच्या खर्चातील काही वाटा, कितीही लहान असो, वापरणाऱ्यांच्या वर्गणीतून येतो काय, की एक देणगीदार गेला तर कुलूप लागेल? आणि तिसरी कसोटी सर्वांत कठीण. भागविलेल्या गरजेचे रूपांतर मागणीत होते काय? पहिल्या दोन कसोट्यांना उतरलेले केंद्र टिकेल. तिसरीला उतरलेले केंद्र समाज बदलील.

हे सारे जुन्या काळापुरते नाही. २०२० च्या मार्च महिन्यात चार तासांच्या सूचनेने टाळेबंदी आली तेव्हा हातावर पोट असलेल्यांची उपासमार दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाली. ज्या वस्त्यांत एखादी संघटना, मंडळ किंवा वाचनालय आधीपासून जिवंत होते, तेथे शिजलेले अन्न आणि शिधा कोणत्या घरी पोहोचला नाही हे कोणीतरी जाणत होते. जेथे असे काही नव्हते तेथे अन्नाची पाकिटे रस्त्याच्या तोंडाशी संपली आणि आतल्या गल्लीतील आजारी म्हातारी उपाशी राहिली. विश्वास आणि ओळख या गोष्टी संकटाच्या दिवशी बाजारात विकत मिळत नाहीत.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. प्राधान्य गटातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य, असा तो हक्क आहे. २०२३ च्या जानेवारीपासून हे धान्य मोफत करण्यात आले आणि २०२४ च्या आरंभापासून आणखी पाच वर्षांसाठी ही सवलत वाढविण्यात आली. परंतु किती माणसांना हा लाभ द्यावयाचा ती राज्यवार संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे सात कोटी लोक आले. त्यानंतर लोकसंख्या वाढली, माणसे खेड्यांतून शहरांत आली, मुले जन्मली. २०२१ ची जनगणना मात्र ठरल्या वेळी झाली नाही. परिणामी पात्र असूनही ‘कोटा भरला’ या दोन शब्दांनी परत पाठविलेली कुटुंबे वस्तीवस्तीत आहेत. त्यांची यादी कोठे आहे? सरकारकडे ती नसते, कारण जे नाकारले त्याची नोंद सरकार ठेवीत नाही. परत पाठविलेल्या माणसाला पावती मिळत नाही.

ती यादी वस्तीकेंद्राने केली पाहिजे. संध्याकाळी दोन तास दार उघडे ठेवणारी एक खोली, एक कपाट, फॉर्म भरणारे दोन कार्यकर्ते आणि एक जाड वही एवढ्यावर हे काम सुरू होते. आलेल्या प्रत्येकाचे काम मार्गी लावावयाचे. त्याच्या संमतीने वहीत लिहावयाचे की कोणत्या कचेरीत, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने काम अडले आणि त्यापायी किती खाडे झाले. महिन्याच्या शेवटी खाड्यांची बेरीज करावयाची आणि ती रुपयांत मांडावयाची. एका वस्तीने एका कार्यालयापायी महिन्यात किती मजुरी गमावली, हा आकडा फळ्यावर लिहिला गेला की तो वाचण्यासाठी लोक थांबतात. तोच आकडा निवेदनात घातला की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. दहा वस्त्यांच्या वह्या एकत्र आल्या की तो विधानसभेत विचारण्याजोगा प्रश्न होतो.

यात वीरश्री नाही, हे खरे. फॉर्म भरणाऱ्या कार्यकर्त्याला हार घातला जात नाही. पण नाक्यावरचा मजूर खाडा न करता काम झाले म्हणून परत जाताना शेजाऱ्याला जे सांगतो, त्यावर संघटना उभी राहते. आणि ज्या बाईने केंद्राच्या वहीत आपल्या हाताने पहिली नोंद लिहिली, ती पुढे कचेरीच्या दारात उभी राहून पावती मागते. त्या दिवशी केंद्राचे काम अर्धे झाले असे समजावे. उरलेले अर्धे ती बाईच करील. कार्यकर्त्यांनी तोवर खोलीचे दार उघडे ठेवावे.